पासवर्ड एका फाईलीत नसतात भो

कम्प्युटरात नवीन एसएसडी डिस्क टाकून विंडोज मारायला दिलं तेव्हा दुकानातल्या पोराला दहादा सांगितलं होतं, भाऊ, माझे मेल जसेच्या तसे पाहिजेत. तो म्हणे काका टेन्शन नका घेऊ. डेस्कटॉप आला, फोटो आले, केळीच्या गाड्यांची बिलं आली, अन् मेलचं सॉफ्टवेअर थंडरबर्ड उघडून पाहतो तर कोरं! चार अकाउंट, पासवर्ड एकाचाही पाठ नाही, एकदा सेव्ह केले की कोण लक्षात ठेवतं?

क्रोम ब्राउझरचे पासवर्ड आपोआप आले, सिंक चालू होतं म्हणून, म्हणजे ते गूगल खात्यात जपलेले होते.

जुनी डिस्क त्याच्याकडेच राहिलेली. रावेरहून जळगाव, गोलाणी मार्केट, भर मे महिन्यात. त्याने पेनड्राइव्हवर लॉगिन्स डॉट जेसन दिली, म्हणे यातच पासवर्ड असतात. घरी आणून टाकली, सेव्ह्ड पासवर्डची यादी रिकामीच. परत टाकली, रिस्टार्ट केलं, दोन दिवस हाच खेळ. शेवटी पुण्याचा भाचा फोनवर म्हणे, मामा ती फाईल कुलूपबंद असते, चावी की४ डॉट डीबी नावाच्या दुसऱ्या फाईलीत, दोन्ही सोबतच लागतात. नावातच की आहे अन् दुकानदाराला माहीत नाही! (फायरफॉक्सलाही ह्याच दोन फाईली.) दोन्ही विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात थंडरबर्डचं जे प्रोफाइल (त्याचं सगळं सामान ठेवलेला फोल्डर) असतं, त्यात असतात, अ‍ॅपडेटा लपलेला असतो म्हणून सुटला. पूर्ण प्रोफाइलच उचलायचं, मग मेलही येतात. कॉपी करताना थंडरबर्ड बंद पाहिजे, हे मला नंतर कळलं.

परत जळगाव. ह्यावेळी पूर्ण फोल्डर आणला, टाकला, तर समोर चौकट, प्रायमरी पासवर्ड द्या, म्हणजे सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डवरचा एक मोठा पासवर्ड. हा मीच कधीतरी लावलेला! रीसेटचा पर्याय असतो पण त्याने सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उडतात, हात लावू नका. रात्री अकरापर्यंत पोरांची नावं, गट नंबर, सगळं टाकून पाहिलं. निघाला बाबांच्या राजदूतचा नंबर, तोही उलटा. आता बदललाय, ट्राय करू नका.

शो पासवर्ड दाबून चारही पासवर्ड खतावणीच्या मागच्या पानावर उतरवले. आणि हो, क्रोममधून पासवर्ड एक्स्पोर्ट केले तर ती फाईल उघडी असते, कोणीही वाचेल, काम झालं की लगेच उडवा.

दुसऱ्या चकरेचे तीनशे त्या पोराने वेगळे घेतले.