वांगांची लेक

रविवार, रात्री साडेदहा.

आज माळा आवरायला काढला आणि दुपारपर्यंत जेमतेम एक खोकं रिकामं झालं. तळाशी एचटीसीचा जुना फोन. ॲल्युमिनियमची पाठ, कडांना पोचे. चार्जरला लावून विसरून गेले. तासाभराने बघते तर पांढऱ्या पडद्यावर हिरवी तीन अक्षरं! २०१३ साली स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली महाग वस्तू. आवरणं राहिलं बाजूला, संध्याकाळभर या कंपनीच्या मालकीणबाईंबद्दल वाचत बसले.

चेर वांग. तैवानच्या फॉर्मोसा प्लॅस्टिक्स या बड्या कंपनीच्या वांग युंग-चिंग यांची मुलगी. ‘बापाचा एवढा पसारा, मग काय,’ असं म्हणून मी पुढे गेले असते, पण बापापाशीच अडकले. सोळाव्या वर्षी च्यायी गावात उसन्या पैशांवर तांदळाचं दुकान टाकलं या माणसाने. तेव्हा तांदळात खडे असायचेच, गिऱ्हाईकही चालवून घ्यायचं. हा पठ्ठ्या ते निवडून मग विकायचा. तांदूळ घरपोच द्यायचा, आणि रांजणात उरलेला जुना आधी काढून, रांजण पुसून, नवा खाली आणि जुना वर असा भरायचा. घरात खाणारी तोंडं किती तेही टिपून ठेवायचा, म्हणजे तांदूळ कधी संपणार हे घरच्या बाईच्या आधी याला ठाऊक. प्लॅस्टिक आलं ते पुढे, १९५४ साली.

आमच्या मिरजेच्या दुकानात आप्पांना साखरेच्या उचलीवरून कळायचं, कुणाकडे पाहुणे आलेत ते.

वांगांची लेक अमेरिकेत बर्कली विद्यापीठात गेली ती पियानो शिकायला. तीनच आठवड्यांत ओळखलं की हे आपलं काम नव्हे, आणि अर्थशास्त्राला गेली. हे मला फार आवडलं. मला नको त्या शाखेतून बाहेर पडायला दोन वर्षं लागली होती. वडील तिकडे लांबलचक पत्रं पाठवायचे, त्यात धंद्याच्याच गोष्टी. पण शिकून ती त्यांच्या कारखान्यात गेली नाही. १९८२ मध्ये बहिणीच्या संगणक कंपनीत लागली. युरोपातल्या स्टेशनांवर जडशीळ संगणक ओढत फिरताना वाटलं, हे हातात का मावू नये?

१९९७ मध्ये भागीदारांबरोबर एचटीसी काढली. सुरुवातीला माल यांचा, नाव दुसऱ्याचं. कॉम्पॅक कंपनीचा आयपॅक, तळहाताएवढा संगणक, यांनीच बनवलेला. पहिला अँड्रॉइड फोनही यांचाच. ऑक्टोबर २००८ मध्ये तो अमेरिकेत विक्रीला आला, त्याच्या आठवडाभर आधी वडील गेले. २०११ मध्ये कंपनीचं बाजारमूल्य नोकियाच्या वर, आणि फोर्ब्सच्या यादीत ही बाई नवऱ्यासह तैवानमध्ये सगळ्यांत श्रीमंत.

मग उतरण. ॲपल आणि सॅमसंगपुढे टिकाव लागेना. २०१५ मध्ये सीईओची खुर्ची स्वतःच घेतली. २०१७ मध्ये गूगलशी ११० कोटी डॉलरचा सौदा झाला आणि सुमारे दोन हजार इंजिनिअर तिकडे गेले. कंपनी मात्र बंद केली नाही, आभासी जगाच्या चष्म्यांवर जोर दिला. हा हट्ट की शहाणपण, मला ठरवता येईना. बापाचं आडनाव असलं की बँकेत बसायला खुर्ची मिळते, हे खरंच. पण हाताखालची दोन हजार माणसं दुसऱ्याच्या हवाली करून सोमवारी पुन्हा ऑफिसला जायचं, ते आडनावाच्या जोरावर होत नसावं. आप्पांनी दुकान बंद केलं तेव्हा फळ्या एका दिवसात विकल्या गेल्या, आणि ते मात्र महिनाभर रोज आठ वाजता चप्पल घालून दारात उभे राहायचे.

रात्री त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं, गूगल, नोकिया, फोर्ब्स. ते नुसतं ‘हं, हं’ करत होते. रांजणाचं सांगितलं तेव्हा मध्येच थांबवलं.

“जुना वर घालायचा, बरोबर आहे त्याचं. नाहीतर तळाला सोंडे होतात. तू डबा पुसतेस का भरताना?”

नाही पुसत.