सोयाबीनच्या भावाची बातमी लिहिताना

इंदूरहून आर्थिक बातमीदारी करायची तर सोयाबीन टाळता येत नाही. मंडीतून किमान, कमाल आणि मॉडल असे तीन भाव येतात. मथळ्यात कमाल भाव टाकायचा मोह होतो, पण तो एखाद्याच उत्तम ढिगाचा असू शकतो. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो मॉडल भाव घ्या आणि शेजारी आवक लिहा. आवक नसेल तर बातमी अर्धीच.

हमीभावाशी तुलना करताना आधी हंगाम बघा: २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये, २०२५-२६ साठी ५,३२८. मग ओलावा विचारा. हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष जास्तीत जास्त १२ टक्क्यांचा. नुकत्याच काढलेल्या ओल्या मालाला कमी भाव मिळाला म्हणून ‘बाजार कोसळला’ लिहू नये. ते वाचून घाईने माल विकणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान भरून येत नाही.

टक्क्यांतही चूक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजदराने बँकांना कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून ६.२५ झाला, ती २५ बेसिस पॉइंटची कपात, २५ टक्क्यांची नव्हे; एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. महागाई दर ५ वरून ४ वर आला तर भाव उतरलेले नसतात, फक्त वाढ मंदावलेली असते.