उलटा फेरा

आमची दहावी 1982-83ची. त्या वर्षी फर्मान निघालं, की मार्चात बोर्ड आहे, तेव्हा दहावीने गॅदरिंगमध्ये नाचायचं नाही. सतरंज्या घालायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचं, बस्स. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जी मुलं संध्याकाळी तासभर नाचली नसती ती काय भूमिती सोडवत बसणार होती?

आमच्या मदतीला आलं एशियाड, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धा. सिंहगडावरच्या टॉवरच्या कृपेने गावात टीव्ही दिसायचा, मुंग्यांसकट. 19 नोव्हेंबरला वाड्यातल्या एकाच टीव्हीपुढे आम्ही अख्खी आळी बसलो होतो. उद्घाटनात आपली लेझीम आली आणि म्हातारीकोतारीसुद्धा उठून उभी राहिली. (पुढे एसटीच्या गाड्यांनाही एशियाड नाव पडलं. त्यातून मी नोकरीला जायची, तेव्हा दरवेळी ही संध्याकाळ आठवायची.) दुसऱ्या दिवशी पीटीचे सर मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले ते दहावीच्या मुलांच्या लेझमीची परवानगी घेऊनच बाहेर आले. मग आम्ही मुली बाईंकडे. मुलगे लेझीम खेळणार, तर आम्ही गोफ विणणार!

ज्यांनी गोफ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर कडी, कडीला आठ पट्टे, प्रत्येकीच्या एका हातात पट्ट्याचं टोक, दुसऱ्या हातात टिपरी. चौघी उजवीकडून फिरतात, चौघी डावीकडून. समोरून येणारीच्या एकदा आतून जायचं, पुढचीच्या बाहेरून. नाचता नाचता वर वेणी पडत जाते. विणणं सोपं. खरी परीक्षा सोडवताना, कारण तीच पावलं उलट्या फेऱ्याने टाकायची. एकजण चुकली की आठही जणी अडकल्या.

आमची कडी म्हणजे सायकलची जुनी रिम, शिपाईमामांनी मांडवाच्या आडव्या वाशाला बांधलेली. पट्टे दोन जुनी पातळं फाडून केले, हिरवे आणि पिवळे. नऊवारी शेजारणीपाजारणींच्या, आणि लिपस्टिक म्हणजे पताकेचा लाल कागद थुंकीने ओला करून ओठांवर घासायचा. त्याची चव अजून जिभेवर आहे.

गॅदरिंगच्या रात्री थंडी मरणाची. बाकं जोडून केलेलं स्टेज पावलागणिक कुरकुरत होतं. गोफ विणून झाला, टाळ्या पडल्या. उलट्या फेऱ्याला माझं लक्ष समोर बसलेल्या आईकडे गेलं आणि आतून जायचं तिथे मी बाहेरून गेले. दोन पावलांतच हातातला पट्टा ताठ झाला. वर पाहिलं तर वेणीच्या शेवटी मुठीएवढी गाठ.

माझ्यामागची मैत्रीण टिपरीच्या आवाजाआड दातओठ खात म्हणाली, "थांबू नकोस, जागेवर नाच." पेटीवरच्या सरांनी परिस्थिती ओळखली आणि ध्रुवपद धरून ठेवलं. तबला त्यांच्या मागे. आम्ही आठजणी जागच्या जागी टिपऱ्या वाजवतोय, आणि ती एकेकीला हळूच सांगतेय, "तू वाक. तू आतून ये. तू नाही गं, हिरवी!" किती वेळ गेला कोण जाणे, पण गाठ सुटली. पुढे बसलेल्या पाहुण्यांना तो नाचाचाच भाग वाटला. भाषणात त्यांनी 'मधला तो संथ भाग विशेष रंगला' असं सांगितलं आणि विंगेत बाईंनी पदर तोंडाला लावला.

पोरं मात्र फसली नव्हती. फिशपाँडमध्ये माझ्या नावाने चिठ्ठी निघाली : 'हिची वेणी आईला सुटत नाही आणि हिचा गोफ सगळ्या शाळेला.' माझे केस तेव्हा खरंच गुडघ्यापर्यंत होते, त्यामुळे रागही धड येईना.

दुसऱ्या दिवशी स्नेहभोजन, मग नाताळची सुट्टी. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. वाढायला दहावी. मठ्ठ्याची बादली माझ्याकडे होती. पेटीच्या सरांच्या पंक्तीत आले तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली. मी वाढून पुढे निघाले, तर म्हणाले, "अगं थांब. काल एकच ओळ एकोणीस वेळा वाजवलीय मी. निदान तीन वाट्या तरी होतात माझ्या."

मी बादलीच त्यांच्या पानाशेजारी ठेवली.