लेऑफ झाला, ग्रीन कार्डची फाईल कुठे आहे ते आधी बघा

लेऑफचा ईमेल आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो तो "आता ग्रीन कार्ड गेलं का?" याला सरसकट उत्तर नाही. पर्म (परदेशी माणूस नेमण्यासाठी कंपनीने अमेरिकेच्या कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी), आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे केलेला अर्ज) आणि आय-४८५ (तुमचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज) यांपैकी फाईल कुठल्या पायरीवर आहे आणि त्या पायरीवर किती दिवस झालेत, यावर सगळं ठरतं. शिवाय तुमची नोकरी शाबूत असली तरी शेजारच्या टीममधल्या कपातीने तुमचं पर्म अडू शकतं.

आधी तेच घेऊ. पर्म भरण्याआधीच्या ६ महिन्यांत कंपनीने त्याच भागातल्या, त्याच किंवा मिळत्याजुळत्या कामावरच्या लोकांना काढलं असेल, तर त्यांतल्या पात्र ठरू शकणाऱ्या प्रत्येक अमेरिकन कामगाराला ही जागा कळवावी लागते, त्याचा विचार करावा लागतो आणि तसा पुरावा फाईलला ठेवावा लागतो. अमेरिकन कामगार म्हणजे फक्त नागरिक नव्हेत, ग्रीन कार्डवालेही त्यात आले. समजा, डॅलसच्या ऑफिसातून फेब्रुवारीत दहा सॉफ्टवेअर इंजिनिअर काढले आणि जूनमध्ये तिथल्याच सॉफ्टवेअर इंजिनिअरचं पर्म भरायचंय. त्या दहांपैकी एकजण जरी पात्र निघाला आणि "येतो" म्हणाला, तरी ते पर्म तिथेच थांबलं. सिएटलमधली कपात मात्र डॅलसच्या अर्जाच्या आड येत नाही, कारण 'भाग' म्हणजे रोज ये-जा करता येईल एवढाच टापू.

ही कटकट नको म्हणून वकील सरळ थांबायला सांगतात. २०२२-२३ मधल्या टेक कपातीनंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी पर्म गुंडाळून ठेवली, त्यामागे हे मोठं कारण होतं. थांबण्याचा तोटा असा की रविवारच्या पेपरातल्या दोन जाहिराती, राज्याच्या रोजगार खात्याकडची ३० दिवसांची नोंद, हे सगळं १८० दिवसांत शिळं होतं आणि पहिल्यापासून करावं लागतं. पर्म भरल्याची तारीख हीच तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, त्यामुळे तीही मागे पडते. भारतीयांच्या रांगेत सहा महिने म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण एच-१बी या कामाच्या व्हिसाची सहा वर्षं संपत आली असतील तर हेच सहा महिने जिवावर येतात, कारण आय-१४० मंजूर नसेल तर पुढची एकेक वर्षाची मुदतवाढ पर्म किंवा आय-१४० भरून ३६५ दिवस झाल्यावरच मिळते.

आता तुमचीच नोकरी गेली तर. फाईल पर्मवर असेल तर ती विसरा. पर्म कंपनीचं, त्या पदाचं आणि त्या जागेचं असतं, नव्या कंपनीत नेता येत नाही. ग्रीन कार्ड भविष्यातल्या नोकरीसाठी असतं, त्यामुळे कागदोपत्री जुनी कंपनी प्रक्रिया चालू ठेवू शकते. प्रत्यक्षात काढलेल्या माणसासाठी सहसा कोणी तसं करत नाही.

आय-१४० मंजूर असेल तर चित्र पालटतं. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर कंपनीने नंतर अर्ज मागे घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही. जानेवारी २०१७ पासूनचा हा नियम आहे. नव्या कंपनीला पर्म नव्यानेच करावं लागतं, पण प्रायॉरिटी डेट जुनीच राहते आणि ती डेट करंट नसेल, म्हणजे रांगेत तुमचा नंबर लागला नसेल, तर एच-१बी तीन वर्षांसाठी वाढतो. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तर आय-१४० रद्द होतो, डेट तरीही वाचते. फसवणूक, गंभीर चूक किंवा पर्मच रद्द होणं, अशा कारणांनीच ती जाते. म्हणून एचआरशी बोलताना "१८० दिवस पूर्ण होईपर्यंत आय-१४० मागे घेऊ नका" ही विनंती ईमेलवर कराच. त्यांचा त्यात खर्च नाही.

आय-४८५ भरून १८० दिवस झाले असतील आणि आय-१४० मंजूर असेल, तर त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामाची नवी नोकरी शोधून सप्लिमेंट जे हा नव्या नोकरीचा फॉर्म भरायचा. इथे एक खड्डा आहे. एच-१बीवर असताना ॲडव्हान्स पॅरोल (देशाबाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) नसतानाही बाहेर जाऊन येता येत होतं. नोकरी गेल्यावर ती सोय संपली. आता पॅरोलशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात.

ज्यांचा आय-४८५ भरलेला नाही त्यांना नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला ६० दिवस. ते साधारणपणे पगार मिळालेल्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होतात. ईमेल ६ मार्चला आला आणि पगारपत्रकावर तुम्ही २० मार्चपर्यंत असाल, तर २१ मार्च हा पहिला दिवस आणि १९ मे हा साठावा. आठ आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना मिळणारी भरपाई) मिळाला म्हणून ही तारीख पुढे सरकत नाही. आय-९४ (देशात राहण्याची मुदत लिहिलेली नोंद) आधी संपत असेल तर मुदतही तिथेच संपते. या काळात नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज दाखल व्हायला हवा, मंजूर नव्हे. तेही जमत नसेल तर जोडीदाराच्या एच-१बीवर एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) किंवा बी-२ (पर्यटकाचा व्हिसा) साठी आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा अर्ज भरायचा. जोडीदार तुमच्यामुळे एच-४ ईएडीवर (एच-४ वरच्या कामाच्या परवान्यावर) काम करत असेल तर तुमच्या एच-१बीबरोबर त्याचीही नोकरी धोक्यात येते, हे घरात त्याच दिवशी बोला.

लॅपटॉप तासाभरात लॉक होतो, म्हणून कागद आधीच घरी ठेवलेले बरे: आय-१४० चा रिसीट नंबर, जमल्यास मंजुरीची नोटीस, भरलेल्या पर्मची प्रत, पगाराच्या स्लिपा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र. अनुभवपत्रासाठी मॅनेजरला लगेच गाठा. नव्या कंपनीच्या पर्ममध्ये जुन्या कंपनीतला अनुभव धरता येतो, आणि त्यामुळे कधी ईबी-३ चा ईबी-२ (ग्रीन कार्डचा वरचा वर्ग) ही होतो. पण सहा महिन्यांनी तो मॅनेजरसुद्धा तिथे असेलच असं नाही.