साठ फुटांवरून तीस फुटांवर: सात महिन्यांची नोंद

मी फ्लाय फिशिंग शिकतोय, म्हणजे पिसा-लोकरीच्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरणं. गेल्या दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी तीन ओळी लिहिल्या होत्या: ६० फुटांची कास्ट (लाइनची फेक), ५० मासे, एक खडस (महसीर मासा). आता मे संपत आलाय आणि तिन्ही ओळी मी स्वतःच्या हाताने खोडल्या आहेत. त्यांच्या जागी जे लिहिलं, त्यानेच या सात महिन्यांत हात सुधारला. म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

सामान जुनंच आहे. ९ फुटी, ५ नंबरचा रॉड, तरंगणारी लाइन (जाड दोरी), तिच्या टोकाला ९ फुटी लीडर (निमुळता पारदर्शक धागा), पुढे ४एक्स टिपेट (शेवटचा बारीक तुकडा). वर्षभर नवीन काही घ्यायचं नाही, हेही ठरवलेलं होतं आणि ते आजवर पाळलंय.

सुरुवात नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर. पहाटे साडेपाचला, क्रिकेटची पोरं यायच्या आत, एका कोपऱ्यात. गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा. पहिले तीन आठवडे फक्त लांबी मोजली. ४५ फुटांच्या पुढे गेलं की लाइन गोळा होऊन पडायची, आणि जोर वाढवला की आणखीच वाईट. शेवटी मोबाइल पिशवीला टेकवून बाजूने चित्रण केलं तेव्हा दुखणं दिसलं. लाइन मागे पूर्ण उलगडायच्या आत हात पुढे निघत होता, आणि मनगट इतकं मोडत होतं की रॉडचं टोक मागे जमिनीकडे झुकायचं.

आपल्या हाताला सवय असते शिशाच्या गळाची. शिसं पुढे जातं, दोरी त्याच्यामागे जाते. फ्लायला मात्र वजनच नसतं. वजन आहे ते लाइनमध्ये, आणि त्या वजनाने रॉड वाकला तरच कास्ट होते. त्यासाठी मागे लाइन सरळ व्हायला वेळ द्यावा लागतो. जितकी लाइन बाहेर, तितका थांबा लांब. हे वाचलेलं अनेकदा होतं. हाताला कळलं ते रॉडची मूठ शर्टाच्या बाहीत खोचून मनगट जखडून टाकलं तेव्हा. मग लांबी मोजणं बंद केलं आणि थांबा मोजायला लागलो. बॅककास्ट (मागची फेक) थांबली की मनात ‘गोदा’ म्हणायचं, ‘वरी’ला हात पुढे. ३० फूट लाइनला हे माप मला अगदी बरोबर बसतं. पंधरा दिवसांत लूप, म्हणजे हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा, अरुंद झाला.

जानेवारीत गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर गेलो. (नवीन लोकांसाठी: जलाशयातली मासेमारी मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा काठावर बसण्याआधी विचारावं. आणि नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. तिथे मी दुर्बीण घेऊन जातो, रॉड नाही.) ट्यूबवर बसून जाळी लावणारे एक मामा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “दादा, मासा तर तुमच्या पायाशी चरतोय. तुम्ही तिकडं मधी काय फेकताय?”

मी खाली बघितलं. अर्ध्या बुडालेल्या बाभळीपाशी, २५ फुटांवर, चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) काळसर पाठी हलत होत्या. मी गुडघाभर पाण्यात शिरून त्यांच्या डोक्यावरून लाइन नेत होतो. त्या संध्याकाळी वहीतले ६० फूट खोडले आणि लिहिलं: ३० फुटांवर ठेवलेल्या परातीत दहातल्या सात कास्ट.

३० हा आकडा मुद्दाम घेतला. फ्लाय लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरूनच ठरतो. ५ नंबरच्या लाइनचे हे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. तेवढी लाइन बाहेर असली की रॉड पुरता वाकतो, म्हणजे चुकलं तर दोष हाताचाच. फेब्रुवारीत दहात दोन कास्ट परातीत पडत होत्या, मार्चअखेर पाच, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन सकाळी सात. सगळ्यात जास्त त्रास दुपारनंतरच्या पश्चिमेच्या वाऱ्याने दिला. उजव्या हाताने टाकणाऱ्याने तो डाव्या खांद्यावर येईल असा काठ धरावा. लाइन अंगापासून दूर राहते, कान वाचतो.

५० मासेही खोडले. मासा लागणं पाण्यावर, उन्हावर, नशिबावर असतं. आता प्रत्येक फेरीला एवढंच लिहितो: मी आधी मासा बघितला की त्याने मला, आणि फ्लाय हवी तिथे पडली का. एप्रिलमधली एक चिलापी मात्र लिहून ठेवली आहे. १२ नंबरचा गळ, काळी लोकर, कोंबड्याच्या मानेचं पीस, घरीच बांधलेली फ्लाय. चिलापी झडप घालत नाही, तोंडात ओढते आणि लगेच थुंकते. हाताला काही लागत नाही. लीडरचं पाण्यातलं टोक जरासं थबकलं तेवढंच दिसलं आणि मी लाइन ओढली. पावशेराचा मासा असेल, पण तो मी पाहून, ठरवून, पहिल्याच कास्टला घेतला होता. मामांना दिला.

खडस खोडताना वाईट वाटलं. या माशाचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’, आणि त्यातलं ‘खुद्री’ आपल्या मराठीतूनच गेलंय. इंग्रज अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. पुढे लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करून कितीतरी ठिकाणी सोडली गेली. असा मासा वहीतल्या एका ओळीवर टिचकी मारण्यासाठी शोधू नये असं मला वाटतं. कधी भेटला तर तयारी असावी, म्हणून सगळ्या गळांचे काटे पकडीने दाबून टाकले आहेत. हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता सोडायचा.

गाठींचं काम झालं. क्लिंच आणि सर्जन, दोन्ही डोळे मिटून बांधता येतात.

पाऊस सुरू झाला की रॉड पुसून ठेवणार. चढणीच्या माशांना पोटात अंडी असताना छळायचं नाही. पुढचं ध्येय रोल कास्टचं (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडायची), कारण मागे बाभळी असल्या की बॅककास्टला जागाच नसते. पण ती गवतावर नीट शिकता येत नाही; लाइन धरून ठेवायला पाणीच लागतं. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत थांबणं आलं. तोवर फ्लाय बांधायच्या. डबीत आत्ता अकरा आहेत, चाळीस व्हायला हव्यात.