लेस्टर महापालिका, १९७३ ते २०२३: निवडणुकांच्या नोंदवहीचा पहिला टप्पा

मंडळी, इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नोंदवहीचा पहिला टप्पा पुरा झाला. १९७३ पासून २०२३ पर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुकांचं संख्याबळ एका पानावर आलं आहे. २००३ पासूनच्या निवडणुकांची वॉर्डनिहाय, उमेदवारनिहाय पानंही भरून झाली. त्याआधीच्या वॉर्डांची पानं अजून अर्धीमुर्धी आहेत, ती दुसऱ्या टप्प्यात घेतो. या नोंदीत आकड्यांइतकंच पद्धतीबद्दल लिहिणार आहे, कारण या शहरात मतांची टक्केवारी कशी काढता यावर इतिहास कसा दिसेल ते ठरतं.

नव्याने सामील झालेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९७२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांची फेररचना झाली. नव्या लेस्टर कौन्सिलची पहिली निवडणूक १९७३ मध्ये झाली आणि कारभार १ एप्रिल १९७४ ला सुरू झाला. तेव्हा डोक्यावर लेस्टरशायर काउंटीचं वेगळं कौन्सिल होतं आणि शाळांसारखी मोठी खाती तिकडे होती. १ एप्रिल १९९७ ला शहर काउंटीपासून सुटं झालं आणि सगळी कामं शहराच्या सभागृहाकडे आली. त्याआधी शहरातला मतदार दोन सभागृहांसाठी वेगवेगळ्या वर्षी मत देत होता. काउंटीची मतं मी या वहीत घेतलेली नाहीत. त्यांचे मतदारसंघ वेगळे, वर्षं वेगळी. त्यांना स्वतंत्र वहीच हवी.

सत्तेची ओळ अगदी आखूड आहे. १९७३ मजूर पक्ष, १९७६ हुजूर पक्ष, १९७९ पासून २००३ पर्यंत मजूर, २००३ ते २००७ त्रिशंकू, २००७ पासून पुन्हा मजूर. एवढंच वाचणाऱ्याला हे एका पक्षाचं, फारसं काही न घडणारं शहर वाटेल. मला ते तसं मुळीच वाटत नाही, आणि ते का, हे मतांच्या रकान्यांत शिरल्याशिवाय दाखवता येत नाही.

आधी मतपत्रिका

आपल्याकडच्या प्रभागांची सवय असलेल्याने इथे जरा थांबावं. महाराष्ट्रात २०१२ ला दोन सदस्यांचे आणि २०१७ ला बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते. पण आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात, प्रत्येक जागेची लढत सुटी असते आणि आरक्षणही जागेवर असतं. 'अ' मधला उमेदवार 'ब' मधल्याशी लढत नाही.

लेस्टरमध्ये जागांना अक्षरं नाहीत. वॉर्डातून तीन सदस्य निवडायचे असतील तर सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच कागदावर, आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापलेले असतात. मतदाराला तीन फुल्या मारायच्या असतात. त्या एकाच पक्षाला द्याव्यात, वाटून द्याव्यात की एकच मारून कागद पेटीत टाकावा, हे त्याने ठरवायचं. मोजणीत पहिले तीन निवडून येतात. म्हणजे एका पक्षाचे उमेदवार आपसातही लढत असतात.

यातून दोन गोष्टी होतात. पहिली, वॉर्डात थोडीशी आघाडी असलेला पक्ष बहुधा तिन्ही जागा घेऊन जातो. दुसरी, कागदावरची एकूण मतं म्हणजे एकूण माणसं नव्हेत. बेरजेत सगळ्यात जास्त घोळ या दुसऱ्या गोष्टीमुळे होतो.

एक काल्पनिक वॉर्ड घ्या. जागा दोन. क पक्षाचे दोन उमेदवार, मतं १,५०० आणि १,४००. ख पक्षाचा एकच उमेदवार, मतं ९००. सगळी मतं सरळ बेरजेत धरली तर क पक्षाला ३,८०० पैकी २,९००, म्हणजे ७६.३ टक्के. प्रत्येक पक्षाचा सर्वांत जास्त मतं मिळवणारा उमेदवारच धरला तर २,४०० पैकी १,५००, म्हणजे ६२.५ टक्के. उमेदवारांची सरासरी घेतली तर ६१.७ टक्के. वॉर्ड तोच, मतदार तेच, आणि फरक चौदा-पंधरा टक्क्यांचा! ख पक्षाने दुसरा उमेदवार उभा केला नाही, एवढ्यावरून बेरीज त्याला शिक्षा करते.

मी दुसरी पद्धत घेतली आहे. प्लिमथ विद्यापीठात कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकल थ्रॅशर यांनी स्थानिक निवडणुकांच्या निकालांचं जे प्रचंड काम उभं केलं, त्यातही अव्वल उमेदवाराचंच मत धरायची रीत आहे. तीच धरली की दुसऱ्या शहरांशी तुलना जमते. बेरजेचा रकाना पुसलेला नाही, शेजारी फिक्या रंगात ठेवला आहे.

१९७६

हे सगळं आधी सांगितलं ते १९७६ साठी. या वहीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान हेच.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकलायचं फर्मान काढलं. त्यातले बरेच जण लेस्टरकडे निघतील अशी चिन्हं दिसताच सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या पालिकेने 'युगांडा आर्गस' या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. आशय असा, की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आले ते आलेच. चार वर्षांनी, १९७६ च्या कौन्सिल निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध उघड प्रचार करणाऱ्या नॅशनल फ्रंटने शहरभर उमेदवार दिले आणि १८.५ टक्के मतं मिळवली. जागा एकही नाही. संख्याबळाच्या पानावर हा पक्ष दिसतच नाही! फक्त जागा लिहिणाऱ्या वहीत हे वर्ष 'मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाकडे सत्ता' एवढ्यावर संपतं, आणि त्या वर्षी शहरात काय चाललं होतं याचा पत्ताच लागत नाही.

आता मतांचा आकडा. नॅशनल फ्रंटला सुमारे ४४,००० मतं पडली असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि बरेच लोक त्याचा अर्थ ४४,००० माणसं असा घेतात. हिशेब करून पाहा. ४४,००० म्हणजे १८.५ टक्के, तर एकूण मतं सुमारे २ लाख ३८ हजार होतात. १९७१ च्या जनगणनेत अख्ख्या लेस्टरची लोकसंख्या, तान्ह्या बाळांसकट, २ लाख ८४ हजारांच्या आसपास होती. स्थानिक निवडणुकीत एवढ्या लोकांनी मतदान करणं शक्यच नाही. एकेका मतदाराकडे अनेक मतं होती, म्हणून बेरीज तिथे पोचते. त्या पक्षाच्या मागे उभी असलेली माणसं ४४,००० पेक्षा बरीच कमी होती. टक्केवारीचं गांभीर्य त्याने जराही कमी होत नाही. दर शंभर मतांपैकी अठराहून जास्त मतं, तीही अशा शहरात, जिथे त्याच रस्त्यांवर नवी कुटुंबं दुकानं थाटत होती.

१९७९ ची निवडणूक ३ मे रोजी, म्हणजे संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी झाली. देशात थॅचर जिंकल्या, लेस्टरच्या कौन्सिलमध्ये मजूर पक्ष परत आला. या वर्षाच्या मतदानाच्या टक्केवारीवर मी तांबडी खूण केली आहे. संसदेसाठी आलेला मतदार कौन्सिलचाही कागद भरून जातो, त्यामुळे ती शेजारच्या वर्षांशी ताडून पाहू नका. ७ मे २०१५ लाही तीच खूण. ५ मे २०११ ला थोडी वेगळी खूण लागते, कारण त्या दिवशी मतदान पद्धतीवरचं देशव्यापी सार्वमत, लेस्टर साउथची संसदेची पोटनिवडणूक, थेट महापौराची पहिली निवडणूक आणि कौन्सिल, सगळं एकदमच होतं.

ऐंशी आणि नव्वदचं दशक

इथे भराभर जातो. १९८३ ला नवे वॉर्ड आले: २८ वॉर्ड, प्रत्येकी दोन जागा, एकूण ५६. पीटर सोल्सबी १९८१ पासून कौन्सिलचे नेते, मध्ये छोटा खंड सोडला तर १९९९ पर्यंत. आपल्या वाचकांसाठी या काळातलं एक नाव मुद्दाम लिहितो: मर्लिन वाझ. मूळचं गोव्याचं कुटुंब, एडनमार्गे इंग्लंडला आलेलं. त्या लेस्टरच्या नगरसेविका होत्या आणि शहरातल्या एका आरोग्य केंद्राला त्यांचं नाव आहे. मुलगा कीथ वाझ १९८७ ते २०१९ लेस्टर ईस्टचा खासदार होता. ज्या पालिकेने 'येऊ नका' म्हणून जाहिरात दिली, त्याच शहराच्या सभागृहात एडनहून आलेली गोव्याची बाई निवडून येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

२००३ पासून २०१९

२००३ ला पुन्हा नवे वॉर्ड, या वेळी २२, आणि जागा ५४. इराक युद्ध नुकतंच सुरू झालेलं. लिबरल डेमोक्रॅट २५, मजूर २०, हुजूर ९. मजूर पक्षाची चोवीस वर्षांची सत्ता गेली आणि लिबरल डेमोक्रॅटांनी हुजूर पक्षाला सोबत घेऊन कारभार हाती घेतला. २००७ ला उलटा झोका: मजूर ३८, हुजूर ८, लिबरल डेमोक्रॅट ६, ग्रीन २. मग २०११ ला मजूर ५२, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांना एकेक. २०१५ ला वॉर्ड २१ झाले, जागा ५४ च राहिल्या आणि निकालही तोच: ५२, १, १. २०१९ ला मजूर ५३ आणि विरोधात लिबरल डेमोक्रॅटांचा एक.

५४ पैकी ५३ म्हणजे ९८.१ टक्के जागा. वॉर्डांची पानं उघडली की दुसऱ्या पक्षांना पडलेली मतं ओळीने दिसतात, ती दोन टक्क्यांच्या कितीतरी पलीकडची. ती माणसं शहरात राहत होती, कर भरत होती, मतही देत होती. सभागृहात मात्र त्यांच्या बाजूने बोलायला एकच माणूस. तीन फुल्यांच्या पद्धतीत हे होणारच, आणि माझ्या मते ते शहराला चांगलं नाही, सत्ताधारी पक्षालाही नाही. समोर कोणी नसलं की भांडणं घरातच सुरू होतात.

महापौराचा रकाना वेगळा केला आहे. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडतात आणि अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे असतात. लेस्टरमध्ये २०११ पासून महापौर थेट लोकांकडून निवडला जातो आणि कारभाराची सूत्रं त्याच्याच हाती असतात. सोल्सबी खासदारकी सोडून त्या पदासाठी उभे राहिले आणि २०११, २०१५, २०१९, २०२३ असे चारही वेळा जिंकले. पहिल्या तीन वेळा मतदाराला पहिली आणि दुसरी पसंती देता येत होती. २०२२ च्या कायद्यानंतर एकच पसंती उरली, म्हणून २०२३ ची टक्केवारी आधीच्यांशी थेट जोडू नये.

२०२३

या पानावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. २०२२ च्या ऑगस्टअखेर दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेस्टरच्या पूर्व भागात हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे गट रस्त्यावर आले. ऑक्टोबरमध्ये नॉर्थ एव्हिंग्टनची पोटनिवडणूक हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावली. २०२३ च्या वसंतात थेट महापौराचं पद असावं की नसावं यावरून मजूर गटात फूट पडली आणि पक्षाने १९ विद्यमान नगरसेवकांना तिकीट नाकारलं. ४ मे २०२३ ला देशभर हुजूर पक्षाने हजारावर जागा गमावल्या. लेस्टरमध्ये मात्र २०१९ च्या शून्यावरून तो १७ वर गेला. मजूर ५३ वरून ३१, लिबरल डेमोक्रॅट ३, ग्रीन ३.

बेलग्रेव्ह, रशी मीड, नॉर्थ एव्हिंग्टन हे पूर्वेकडचे वॉर्ड वर्षानुवर्षं मजूर पक्षाचे म्हणून गृहीत धरलेले होते. तेच फिरले. याला दंगल हे एकच कारण जोडून मोकळं होणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिकिटांचं भांडण, एकाच नेत्याची दीर्घ सत्ता आणि धार्मिक ताण हे एकाच वेळी एकाच भागात आले, आणि तीन फुल्यांच्या पद्धतीने त्या सगळ्याचं रूपांतर पूर्ण वॉर्ड पलटण्यात केलं. ४ जुलै २०२४ ला संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्षाचा देशभर धुव्वा उडाला, तेव्हा दुसऱ्या पक्षाकडून जिंकलेली त्यांची एकमेव जागा लेस्टर ईस्ट होती. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये मजूर पक्षाचे जोनाथन अ‍ॅशवर्थ एका अपक्षाकडून ९७९ मतांनी हरले. २०२३ चं वॉर्डांचं पान ज्याने नीट पाहिलं होतं, त्याला यातलं पहिलं तरी अनपेक्षित वाटलं नसेल.

तांत्रिक नोंदी: अनामत जप्तीचा रकाना काढून टाकला, कारण इंग्लंडमध्ये नगरसेवकपदासाठी अनामतच भरावी लागत नाही. कागदावर उमेदवार कितव्या क्रमांकावर होता याचा नवा रकाना घातला आहे; एकाच पक्षाच्या उमेदवारांत वरच्या आडनावाला थोडी जास्त मतं पडतात हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे, आणि लेस्टरमध्ये पटेल, सिंग अशी आडनावं उताराला येतात, म्हणून ते इथे तपासण्यासारखं आहे. २०२३ ला फोटो ओळखपत्र पहिल्यांदाच सक्तीचं होतं, तीही खूण केली आहे. आणि लेस्टरला शिकायला वा नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं: राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून, रीतसर वास्तव्याची परवानगी असेल तर, भारतीय पासपोर्टवरही तिथल्या मतदार यादीत नाव घालता येतं.

पुढचं काम: १९८३ ते १९९९ च्या वॉर्डांची पानं, आणि २०१५ च्या फेररचनेत नाहीशा झालेल्या लॅटिमर, चार्नवुड, कोलमन या वॉर्डांना नव्या नकाशावर बसवणं. त्यानंतर १९७४ पूर्वीची जुनी पालिका. तिथे एक तृतीयांश नगरसेवक दर वर्षी निवडले जात आणि शिवाय नगरसेवकांनी नेमलेले आल्डरमन बसत, त्यामुळे तक्त्याची मांडणीच बदलावी लागेल. बहुसदस्य वॉर्डांचं काम कोणी दुसऱ्या शहरासाठी करत असेल तर कृपया अव्वल मत आणि बेरीज असे दोन्ही रकाने ठेवा, म्हणजे वह्या शेजारी ठेवून पाहता येतील.