मे महिन्यात ओक्लाहोमा: रडार, मेसोनेट आणि न झालेला टोर्नॅडो

टोर्नॅडो बघायला मी आणि माझा भाचा सकाळी डॅलसहून निघालो, आय-३५ महामार्गाने ओक्लाहोमातलं नॉर्मन साधारण तीन तास. दुपारी अ‍ॅनाडार्कोच्या अलीकडे शेताच्या कडेला गाडी लावली, आग्नेयेकडून दमट वारा, घाम वाळेना, आणि पश्चिमेला ढग बघता बघता चढत होते.

चारच्या पुढे फोनवरच्या रडारवर हूक, म्हणजे फिरत्या वादळाचा गळासारखा आकार, दिसायला लागला, वेलोसिटीत (वाऱ्याच्या वेगाच्या चित्रात) रडारपासून लांब जाणारा लाल आणि रडारकडे येणारा हिरवा एकमेकांना खेटून, भाचा ओरडला "मामा, फिरतंय!" आणि समोर ढगाचा तळ लोंबून खरंच गरगरत होता, अंगावर काटा आला. पण ओक्लाहोमा सिटीजवळचं रडार तिथून ९० किलोमीटर, एवढ्या अंतरावर त्याचा सगळ्यात खालचा बीमसुद्धा (रडारचा झोत) सव्वा किलोमीटर वरून जातो, म्हणजे वरचं फिरणं दिसतं, जमिनीलगतचं नाही. ते बघायला मेसोनेट, म्हणजे राज्यभर पसरलेलं जमिनीवरच्या हवामान केंद्रांचं जाळं: १९९४ पासून चालू, सुमारे १२० स्टेशनं, ७७ काउंट्यांत प्रत्येकी निदान एक, दर ५ मिनिटांनी आकडे. जवळच्या फोर्ट कॉबच्या स्टेशनचे आकडे उघडले तर तापमान ८८ वरून ७० फॅरनहाइट आणि वारा फिरून वायव्येचा झालेला. पावसाने गार झालेली हवा वादळाखालून पसरली आणि गरम दमट हवेचा पुरवठाच तुटला. वीसेक मिनिटांत ढग विस्कटला. टोर्नॅडो झाला नाही, पण का झाला नाही हे समोर बसून कळलं आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

जाणार असाल तर वादळाच्या आग्नेयेला राहा आणि दक्षिणेला पळायचा डांबरी रस्ता आधीच हेरून ठेवा, तिथल्या लाल मातीचे कच्चे रस्ते पावसात गाडी गिळतात. फोनवरचं रडार काही मिनिटं जुनं असतं, चित्रावरची वेळ वाचल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाऊ नका. रेंज जाते म्हणून नकाशे डाउनलोड करा, वेदर रेडिओ घ्या, टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका. पुलाखाली आसरा तर अजिबात नको, १९९९ च्या ३ मेच्या टोर्नॅडोत तिथे माणसं दगावलीत. आणि अंतराच्या बाबतीत मी हट्टीच आहे, २०१३ मध्ये एल रेनोचा टोर्नॅडो ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि अचानक वळला, त्यात टिम सॅमरससारखा मुरलेला टोर्नॅडो-अभ्यासक, त्याचा मुलगा आणि सहकारी गेले. अंधार पडला की थांबा, आम्ही उजेड असतानाच चिकशेला येऊन जेवलो.